डार्ट्सचा विश्वचषक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये चार रात्री मी उशिरापर्यंत जागतो, कारण जर्मनीत फ्रँकफर्टला डार्ट्सचा सांघिक विश्वचषक चालू असतो. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक बोर्ड टांगलेला आहे. तिथे खेळणारी मुले, त्यांचे आईबाबा आणि माझे काही मित्र या स्पर्धेबद्दल तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हे पान.

ही स्पर्धा नेमकी कोणती?

तिचे नाव 'वर्ल्ड कप ऑफ डार्ट्स'. व्यावसायिक डार्ट्स चालवणारी पीडीसी, म्हणजे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, ही संस्था ती भरवते. एरवी व्यावसायिक डार्ट्समध्ये प्रत्येकजण स्वतःसाठी खेळतो. या चार दिवसांत मात्र खेळाडू देशाच्या रंगाचा शर्ट घालून, शेजारी जोडीदार घेऊन उभा राहतो. एका देशाचा एक संघ, एका संघात दोन खेळाडू.

पहिली स्पर्धा डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधल्या हॉटन-ले-स्प्रिंग इथे झाली. २०११ मध्ये ती झाली नाही. २०१२ पासून दरवर्षी होते आहे.

डार्ट्सचा आणखी एक वर्ल्ड कप आहे असे ऐकले. तो हाच का?

नाही. तो वर्ल्ड डार्ट्स फेडरेशनचा. १९७७ पासून चालत आलेला, साधारण दोन वर्षांनी होणारा. त्यात पुरुष, महिला, एकेरी, दुहेरी असे बरेच विभाग असतात. या पानावर फक्त पीडीसीच्या स्पर्धेबद्दल लिहिले आहे.

स्कॉटलंड, वेल्स, इंग्लंड वेगळे कसे? देश तर एकच ना?

फुटबॉलमध्ये जसे हे वेगळे खेळतात, तसेच इथेही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड असे चार संघ आणि आयर्लंड प्रजासत्ताकाचा पाचवा. हाँगकाँग आणि जिब्राल्टरचेही स्वतःचे संघ असतात. डार्ट्सचे मूळ ब्रिटिश पबमध्ये आहे, त्यामुळे या छोट्या छोट्या देशांमधली चुरस फार जुनी आणि खरी आहे. वेल्स आणि इंग्लंड समोरासमोर आले की ते लगेच कळते.

मला खेळच माहीत नाही. थोडक्यात सांगाल?

प्रत्येक संघाच्या नावावर ५०१ गुण असतात. ते कर्जासारखे फेडत शून्यावर आणायचे. एका पाळीत तीन डार्ट फेकायचे, जितके गुण होतील तितके वजा करायचे. बोर्डवर १ ते २० आकडे गोलाकार मांडलेले असतात. बाहेरच्या अरुंद कड्यात डार्ट लागला तर आकड्याची दुप्पट, आतल्या अरुंद कड्यात लागला तर तिप्पट. मधल्या लाल ठिपक्याला, म्हणजे बुलला, ५० आणि त्याभोवतीच्या हिरव्या कड्याला २५.

आपण लहानपणी पाढे म्हटले आहेत, त्यांचा इथे खरा उपयोग होतो. वीस त्रिक साठ, हा बोर्डवरचा सर्वांत मोठा एकटा गुण. तीन डार्ट तिथेच लागले की १८०. एकोणीस त्रिक सत्तावन्न, म्हणून वीसची वाट आधीच्या डार्टने अडवली की खेळाडू खाली एकोणीसकडे वळतो. ज्या मुलाला पाढे तोंडपाठ आहेत, तो दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने गुण लिहायला बसतो, हे मी पाहिले आहे.

शेवटची अट महत्त्वाची. कर्ज फेडणारा अखेरचा डार्ट दुप्पटच्या कड्यात किंवा बुलमध्येच लागला पाहिजे. गुण जास्त झाले, किंवा बरोबर १ उरला, तर ती पूर्ण पाळी रद्द होते आणि आकडा पाळीच्या सुरुवातीला होता तिथे परत जातो. ५०१ ते शून्य असा एक डाव म्हणजे एक लेग. तीन डार्टमध्ये फेडता येणारा सर्वांत मोठा आकडा १७०: वीस त्रिक, पुन्हा वीस त्रिक आणि बुल.

जोडीत पाळ्या कशा येतात?

दोघांच्या मिळून एकच ५०१. आधी एका संघाचा पहिला खेळाडू तीन डार्ट फेकतो, मग समोरच्या संघाचा पहिला, मग आपला दुसरा, मग त्यांचा दुसरा. पुन्हा तसेच. जोडीदाराने काय उरवले आहे ते बघूनच तुम्हाला पुढे जायचे असते. तुमच्या आवडीचा आकडा समोर येईल याची खात्री नसते.

एवढ्याने खेळ खरेच बदलतो का? डार्ट फेकणारा हात तर तोच.

फार बदलतो. आणि मला ही स्पर्धा आवडते ती यासाठीच.

पहिला फरक थांबण्याचा. एकेरीत तुमच्या दोन पाळ्यांमध्ये समोरच्याची एकच पाळी असते. हाताला लय सापडली की ती टिकते. जोडीत तुम्ही फेकून मागे येता आणि तीन पाळ्या नुसते उभे राहता. भराभर फेकणाऱ्या खेळाडूला हे फार जड जाते. हात गार पडतो, डोके विचार करू लागते. डार्ट्समध्ये डोक्याने जास्त विचार केला की खांदा आखडतो.

दुसरा फरक हिशेबाचा. समजा तुमच्या हातात पाळीचा शेवटचा डार्ट आहे आणि ५२ उरले आहेत. एका डार्टमध्ये ५२ फिटत नाहीत, म्हणजे पुढचा प्रयत्न जोडीदाराचा. तुम्ही साधे २० मारले तर त्याच्यासाठी ३२ उरतात, म्हणजे दुप्पट सोळा. साधे १२ मारले तर ४० उरतात, म्हणजे दुप्पट वीस. कोणते मारायचे? एकटे असता तर स्वतःच्या आवडीचे. इथे जोडीदाराच्या आवडीचे. त्याला कोणता दुप्पट भावतो, आज तो कुठे चुकतो आहे, हे तुम्हाला ठाऊक हवे.

कॅरम जोडीने खेळलेल्यांना हे लगेच समजेल. आपली सोंगटी घेण्यापेक्षा समोर बसलेल्या जोडीदाराला सोपी सोंगटी लावून देणे कधीकधी जास्त मोलाचे असते. राणी घेतली, पण कव्हरसाठी काहीच ठेवले नाही, तर तिचा काय उपयोग? डार्ट्सच्या जोडीतही अशीच लावून द्यायची कला असते. १८० मारणाऱ्याचे नाव पडद्यावर झळकते, तर ५२ चे ३२ करून देणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण लेग तिथेच ठरतो.

तिसरा फरक चुकीचा. एकेरीत दुप्पट चुकला तर नुकसान तुमचेच होते. जोडीत तुम्ही चुकल्यावर मागे वळता तेव्हा समोर जोडीदाराचा चेहरा असतो. चांगल्या जोड्या त्या क्षणी काय करतात ते नीट पाहा: मुठीला मूठ लावतात, एखादा शब्द बोलतात आणि लगेच बोर्डकडे पाहतात.

३२ आणि ४० हेच आकडे सारखे का ऐकू येतात?

३२ ला दुप्पट सोळा मारताना डार्ट आत सरकून साधा सोळा लागला, तर उरतात १६, म्हणजे दुप्पट आठ. तिथेही आत सरकला तर दुप्पट चार, मग दुप्पट दोन, मग दुप्पट एक. म्हणजे चुकलात तरी पुढचा रस्ता बंद होत नाही. ४० चे तसे नाही: दुप्पट वीस, दुप्पट दहा, दुप्पट पाच आणि मग पाच हा विषम आकडा येतो. तरी पुष्कळांना दुप्पट वीसच आवडतो, कारण तो बोर्डच्या अगदी माथ्यावर असतो आणि डोळ्यांना सरळ दिसतो.

संघातले दोघे कोण निवडते?

निवड समिती वगैरे नसते. पीडीसीच्या जागतिक क्रमवारीत त्या देशाचे जे दोघे सर्वांत वर असतात, त्यांना बोलावणे येते. कोणी नकार दिला तर त्याच्या खालच्याला. ज्या देशांचे खेळाडू या क्रमवारीत नाहीत, तिथे पात्रता स्पर्धा किंवा त्या भागातली क्रमवारी बघतात.

या नियमामुळे २०२४ मध्ये मोठा वाद झाला. ल्यूक लिटलर तेव्हा १७ वर्षांचा होता. त्या जानेवारीत तो एकेरीच्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता आणि मे महिन्यात डार्ट्सची प्रीमियर लीग जिंकला होता. तरी इंग्लंडच्या संघात तो नव्हता. क्रमवारी दोन वर्षांत मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेवरून ठरते आणि लिटलरला व्यावसायिक होऊन काही महिनेच झाले होते. संघात ल्यूक हम्फ्रीज आणि मायकेल स्मिथ गेले आणि त्यांनी ऑस्ट्रियाला अंतिम सामन्यात १०-६ ने हरवून चषक आणला. माझ्या मते नियम योग्यच आहे. संघात जागा लोकांच्या उत्साहावर मिळू लागली, तर दोन वर्षे गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्यावर तो अन्याय ठरेल.

मग २०२५ मध्ये लिटलर आणि हम्फ्रीज एकत्र आले, तेव्हा काय झाले?

कागदावर याहून भक्कम जोडी सापडली नसती. हम्फ्रीज २०२४ चा विश्वविजेता, लिटलर २०२५ चा. जर्मनीच्या मार्टिन शिंडलर आणि रिकार्डो पिएत्रेच्को यांनी त्यांना ८-४ ने हरवले, तेही इंग्लंडच्या पहिल्याच सामन्यात.

हे कसे घडले, याची मला दिसणारी कारणे दोन. अव्वल चार मानांकित संघ थेट दुसऱ्या फेरीत येतात. म्हणजे इंग्लंडची जोडी थंड होती, तर जर्मनी गटातले सामने खेळून तापलेली. शिवाय सभागृह जर्मन प्रेक्षकांनी भरलेले. पण त्या दिवशी मला सर्वांत जाणवले ते हे की, दोन उत्तम खेळाडूंची बेरीज आपोआप उत्तम जोडी होत नाही. शिंडलर आणि पिएत्रेच्को एकमेकांसाठी आकडे लावून देत होते. चषक उत्तर आयर्लंडच्या जॉश रॉक आणि डॅरिल गर्नी यांनी नेला. अंतिम सामन्यात त्यांनी वेल्सला १०-९ ने, म्हणजे अगदी शेवटच्या लेगमध्ये, हरवले. उत्तर आयर्लंडचे हे पहिलेच विजेतेपद.

स्पर्धेची रचना कशी असते?

२०२३ पासून ४० देश खेळतात. चार अव्वल मानांकित बाजूला ठेवले की ३६ उरतात. त्यांचे तीन-तीनचे १२ गट. गटातला सामना ४ लेग आधी जिंकणाऱ्याचा. गटातला पहिलाच पुढे जातो आणि गुण सारखे झाले तर लेगमधला फरक पाहतात, म्हणून हरतानाही एखादा लेग काढून घेणे महत्त्वाचे. हे १२ आणि थेट आलेले ४ असे सोळा संघ दुसऱ्या फेरीत. तिथून उपांत्य सामन्यापर्यंत ८ लेगची शर्यत, अंतिम सामन्यात १० लेगची. सगळे मिळून ५१ सामने, चार दिवसांत.

आधी एकेरी सामनेही असायचे ना?

हो. २०२२ पर्यंत पहिली फेरी जोडीने व्हायची, नंतरच्या फेऱ्यांत, अंतिम सामना सोडून, आधी दोन एकेरी सामने आणि बरोबरी झाली तरच जोडीचा निर्णायक सामना. त्यात व्हायचे असे की एखादा बलाढ्य खेळाडू एकट्याच्या जोरावर संघाला बरेच ओढून नेई. जुन्या पद्धतीची आठवण काढणारे अजून भेटतात, कारण इंग्लंडचा फिल टेलर विरुद्ध नेदरलँड्सचा मायकेल व्हॅन गर्वेन अशा लढती त्यात देशाच्या झेंड्याखाली बघायला मिळत. तरीही आताची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. सांघिक स्पर्धा म्हणायचे तर शेवटपर्यंत संघानेच खेळावे.

आतापर्यंत कोण कोण जिंकले?

२०२५ पर्यंतच्या पंधरा स्पर्धांत इंग्लंड पाच वेळा, नेदरलँड्स चार वेळा, स्कॉटलंड आणि वेल्स दोन-दोनदा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर आयर्लंड एकेकदा.

पहिला चषक नेदरलँड्सच्या रेमंड व्हान बार्नेवेल्ड आणि को स्टॉम्पे यांचा. त्यानंतरचा काळ फिल टेलर आणि एड्रियन लुईस यांचा: २०१२, २०१३, २०१५ आणि २०१६. टेलर सोळा वेळा विश्वविजेता झालेला, लुईस त्याच्याच गावचा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा, त्याच्याबरोबर सराव करून मोठा झालेला. २०१३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर बेल्जियमचे किम आणि रॉनी हायब्रेख्ट्स हे सख्खे भाऊ होते. २०१४, २०१७ आणि २०१८ मध्ये बार्नेवेल्डने मायकेल व्हॅन गर्वेनच्या साथीने चषक नेला.

२०१९ ला स्कॉटलंडच्या गॅरी अँडरसन आणि पीटर राइट यांचा नंबर लागला, २०२० ला वेल्सच्या गर्विन प्राइस आणि जॉनी क्लेटन यांचा. प्राइस आणि क्लेटन ही मला आजच्या काळातली खरी जोडी वाटते. एक आगीसारखा, दुसरा शांत. २०२३ मध्ये त्यांनी स्कॉटलंडला अंतिम सामन्यात १०-२ असे धुतले. २०२२ मध्ये डेमन हेटा आणि सायमन व्हिटलॉक यांनी चषक ऑस्ट्रेलियाला नेला. युरोपबाहेर तो पहिल्यांदा गेला तो तेव्हा.

पण मला एकच वर्ष निवडायला सांगितले तर मी २०२१ निवडेन. स्पर्धा जर्मनीतल्या येना शहरात होती. अँडरसनने नाव मागे घेतले आणि त्याच्या जागी पीटर राइटबरोबर जॉन हेंडरसन आला. वय ४८, पीडीसीच्या मोठ्या स्पर्धेचे विजेतेपद कधीच न मिळालेला, सगळ्यांना आवडणारा दांडगा माणूस. अंतिम सामन्यात दोघांनी ऑस्ट्रियाला ३-१ ने हरवले. हेंडरसनला रडू आवरले नाही. राइट तेव्हा विश्वविजेता होऊन गेलेला खेळाडू, पण त्या रात्री त्याने सगळे श्रेय जोडीदाराला दिले. ते दृश्य मी आजही मुलांना दाखवतो.

छोट्या देशांना काही संधी असते का?

असते. २०१७ मध्ये सिंगापूरच्या पॉल लिम आणि हॅरिथ लिम यांनी पहिल्याच फेरीत अँडरसन आणि राइट यांच्या स्कॉटलंडला ५-२ ने घरी पाठवले. पॉल लिम तेव्हा ६३ वर्षांचा होता. हाच तो खेळाडू, ज्याने १९९० मध्ये विश्वविजेतेपद स्पर्धेत पहिल्यांदा नऊ डार्टमध्ये ५०१ फेडले होते. छोट्या लढतीत, जोडीने, तिसऱ्या डार्टला हात स्थिर ठेवणाऱ्याला मानांकनाची भीती नसते.

भारत खेळतो का?

खेळतो. नितीन कुमार, अमित गिलितवाला आणि प्रकाश जीवा ही भारताकडून खेळलेली नावे. उपांत्यपूर्व फेरी भारताने अजून पाहिलेली नाही. आपल्याकडे अडचण हाताची नाही, सामन्यांची आहे. युरोपातला खेळाडू आठवड्यामागून आठवडे कसलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतो. आपल्याला तेवढ्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते.

मात्र डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये नितीन कुमारने नेदरलँड्सच्या रिचर्ड व्हेनस्ट्राला ३-२ ने हरवले. पीडीसीच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत भारतीयाने जिंकलेला हा पहिला सामना. तो विजय एकेरीतला असला तरी भारताच्या जोडीकडे बघण्याची माझी नजर त्याने बदलली.

स्पर्धा जर्मनीतच का असते?

ब्रिटन आणि नेदरलँड्सनंतर या खेळाला सर्वांत मोठा प्रेक्षक जर्मनीत मिळाला. आधी हॅम्बुर्ग, २०१५ पासून बहुतेक वेळा फ्रँकफर्टचे आइसस्पोर्टहाले, जे एरवी आइस हॉकीचे सभागृह आहे. २०२० मध्ये साथीमुळे ती ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला हलवावी लागली. प्रेक्षक रंगीबेरंगी वेशात येतात, लांबलचक टेबलांभोवती बसतात आणि गातात. पाहुण्या खेळाडूच्या दुप्पटच्या वेळी शिट्ट्याही वाजतात. मला त्या शिट्ट्या मुळीच आवडत नाहीत. दुप्पट मारणाऱ्याला शांतता द्यावी.

बक्षीस किती?

२०२५ मध्ये एकूण ४,५०,००० पौंड, त्यातले ८०,००० विजेत्या जोडीला. हे पैसे जागतिक क्रमवारीत धरले जात नाहीत. म्हणजे इथे जिंकून क्रमवारीतली जागा वर सरकत नाही, तरी माणसे जीव तोडून खेळतात.

चषकाला एरिक ब्रिस्टो यांचे नाव आहे. पाच वेळा विश्वविजेते झालेले इंग्लंडचे ब्रिस्टो एप्रिल २०१८ मध्ये गेले आणि त्याच वर्षापासून हा चषक त्यांच्या नावाने दिला जातो. फिल टेलरला सुरुवातीच्या काळात पैशांची मदत करून उभे करणारेही तेच.

भारतातून बघायचे तर किती वाजता?

उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. स्पर्धा गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपते. एकच रात्र जागायची असेल तर शनिवारची जागा, दुसरी फेरी तेव्हा असते आणि मोठे संघ तिथेच पडतात. रविवारच्या अंतिम सामन्यानंतर सोमवारी कामावर जायचे असते, हेही आहेच.

घरी बोर्ड लावायचा आहे. काय बघावे?

सिसलच्या तंतूंचा बोर्ड घ्या. डार्ट काढल्यावर त्यातली भोके आपोआप मिटतात. बुलचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच हवा. फेकण्याची रेघ बोर्डच्या दर्शनी बाजूपासून २.३७ मीटरवर हवी. पुष्कळजण हे अंतर भिंतीपासून मोजतात आणि बोर्डची जाडी विसरतात. बोर्डवरून जमिनीपर्यंत ओळंबा सोडा आणि तिथून मोजा. सुरुवातीला २२ ते २४ ग्रॅमचे डार्ट बरे. लहान मुले असतील तर बोर्ड दाराशेजारी कधीही लावू नका, आणि फेकणाऱ्याच्या पुढे कोणी जाणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

जोडीचा सराव कसा करायचा?

आमची मुले हा खेळ खेळतात. जोडीसमोर फळ्यावर ६० ते १०० मधला एक आकडा लिहायचा. पहिल्याने तीन डार्टमध्ये तो फेडायचा नाही, फक्त जोडीदाराला आवडणाऱ्या दुप्पटवर आणून ठेवायचा. मग दुसऱ्याने तीन डार्टमध्ये तो दुप्पट मारायचा. नंतर जागा बदलायच्या. यात बोलायला परवानगी असते, फक्त चुकल्यावर 'अरे, काय केलंस' म्हणायला नाही. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीने जोडीदाराला ३२ लावून दिले, त्याने दोन डार्ट आत मारले आणि ८ उरले. तिसरा डार्ट हातात धरून त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "चार आहेत दुप्पट. उजवीकडे, वरच्या अंगाला. घाई नको." त्याने मारला.